जुन्या सोबत्यांची आठवण

शास्त्रपाठ : फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय १, वचनें ३ ते ८, अध्याय ४, वचनें १ ते ३



सुगी आटोपून खळीं रिकामीं झालीं म्हणजे आपल्या खेडेगांवांत रात्रीं थोडी उसंत मिळते. अशा वेळीं उपासनामंदिराच्या ओट्यावर तीनचार वृद्ध येऊन बसतात. थोडा वेळ कोणी बोलत नाहीं. मग एकजण म्हणतो, "आठवतें का रे तुला?" आणि तेवढ्या प्रश्नासरशीं चाळीस वर्षें मागें सरतात. पुरांतून वांचलेला बैल, वसतिगृहांतली पातळ आमटी, नाताळांत गाणीं गात काढलेली फेरी, सारें पुन्हां उभें राहतें. जवळून जाणारे तरुण हंसून म्हणतात, "म्हातारे पुन्हां तेंच तें उगाळूं लागले." आणि खरें सांगावयाचें तर आम्ही उपदेशकही मनांतल्या मनांत असेंच म्हणतों. हा वेळ प्रार्थनेंत गेला असता तर किती बरें झालें असतें, असें आम्हांस वाटतें.

परंतु पौल प्रेषितानें फिलिप्पैकरांस लिहिलेलें पत्र उघडून पाहा. तें बंदिवासांतून लिहिलेलें आहे. पुढें सुटका आहे कीं मरण, हें लिहिणारास ठाऊक नाहीं. अशा मनुष्यानें आरंभीं कशाविषयीं लिहावें? तो आपल्या जुन्या सोबत्यांविषयीं लिहितो. त्यांची आठवण झाली कीं आपण देवाचे आभार मानतों, आणि पहिल्या दिवसापासून ते सुवार्तेच्या कामांत भागीदार आहेत म्हणून त्यांच्यासाठीं आनंदानें प्रार्थना करितों, असें तो सांगतो. त्याच्या ठायीं आठवण व प्रार्थना हीं दोन निराळीं कामें नव्हतीं. एकीच्या उंबरठ्यावरून तो दुसरींत जात असे.

तो पहिला दिवस कोणता? प्रेषितांचीं कृत्यें, सोळावा अध्याय वाचा. शहराबाहेर नदीकांठीं कांहीं स्त्रिया प्रार्थनेस जमल्या होत्या. त्यांत जांभळीं वस्त्रें विकणारी, थुवतीरा नगरची लुदिया होती. प्रभूनें तिचें अंत:करण उघडलें, आणि तिनें आग्रह करून पौलास व त्याच्या सोबत्यांस आपल्या घरीं नेलें. पुढें त्याच शहरांत पौल व सीला यांस छड्यांचा मार बसला, त्यांचे पाय खोड्यांत अडकविले गेले, आणि मध्यरात्रीं ते गात असतां भूमिकंप झाला. त्याच रात्रीं बंदिशाळेच्या अधिकाऱ्यानें त्यांच्या जखमा धुतल्या, बाप्तिस्मा घेतला व त्यांस आपल्या घरीं जेवूं घातलें. आतां लक्ष द्या. मार फिलिप्पैतच बसला होता, अपमानही तेथेंच झाला होता. त्या शहराचें नांव निघतांच पौलास आधीं छडी आठवली असती तर कोणी त्यास दोष दिला नसता. पण त्यानें आरंभीं छडी मांडली नाहीं, सोबत्यांची भागीदारी मांडली.

ह्यावरून पहिली गोष्ट शिकावयाची ती ही कीं, चांगल्या दिवसांची आठवण काढणें म्हणजे देवाच्या उपकारांचा हिशेब लिहिणें होय. दु:खाची वही आपलें मन न सांगतां लिहीत असतें. कोण काय टोचून बोललें, कोणाकडून किती येणें राहिलें, हें आपण विसरत नाहीं. उपकारांची वही मात्र मुद्दाम बसून लिहावी लागते. आणि ती एकट्यास पुरी करितां येत नाहीं. कारण आपल्या आयुष्यांतील कित्येक जमेच्या रकमा आपल्या मित्रांपाशींच नोंदलेल्या असतात.

दुसरी गोष्ट सावधगिरीची आहे. अरण्यांत इस्राएल लोकांनींही मागल्या दिवसांची आठवण काढली होती. मिसरांतले मासे, काकड्या, खरबुजें, कांदे व लसूण त्यांस आठवले. विटा पाडण्याची वेठ, मुकादमांचा मार आणि नदींत टाकलेलीं लेंकरें मात्र आठवलीं नाहींत. ती आठवण अर्धी होती म्हणून खोटी होती. तिनें त्यांस तंबूंच्या दारीं बसून रडावयास लाविलें, आणि रोजचा मान्ना त्यांस बेचव वाटूं लागला. मागले दिवस आजच्यापेक्षां बरे कां होते, असें विचारणें शहाणपणाचें नव्हे, असें उपदेशकही बजावतो. बंधुजनहो, आपल्या गप्पांची ही कसोटी लावून पाहा. मिसरची आठवण आजच्या भाकरीस नांवें ठेवावयास लाविते. फिलिप्पैची आठवण आजच्या कामास बळ देते.

खरी आठवण कशी असावी ह्याचा उत्तम नमुना आपल्याच भाषेंत आहे. कवि नारायण वामन टिळक १९१९ सालीं निवर्तले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ सालापासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालीं. १८९५ सालीं टिळकांनीं बाप्तिस्मा घेतल्यावर पतिपत्नींची झालेली ताटातूट त्यांत आहे. पतीचा तापट स्वभाव आहे, त्यांचें औदार्य आहे, आणि वाचणारास हंसूं आवरूं नये असे प्रसंगही आहेत. कांहीं झांकलें नाहीं, तरी प्रेम उणें झालेलें नाहीं. खरें सांगितल्यानें आठवणीचा गोडवा जातो, हा आपला समज त्या बाईंनीं खोटा ठरविला.

तिसरी गोष्ट समेटाची. त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायांत युवदीया व सुंतुखे ह्या दोन बहिणींचीं नांवें आहेत. त्यांचें आपसांत पटत नव्हतें. कोणाचें चुकलें हें पौल लिहीत नाहीं. त्यांनीं एकचित्त व्हावें अशी विनवणी तो करितो, आणि ह्या दोघींनीं आपणाबरोबर सुवार्तेसाठीं श्रम केले आहेत, एवढेंच स्मरण देतो. तंट्याच्या दिवसापुढें त्यानें एकत्र श्रमाचा दिवस आणून उभा केला.

हें वचन मीं अनेकदां शिकविलें, पण तें मला फार उशिरां समजलें. धर्मशिक्षणाच्या शाळेंत आम्ही तिघे सोबती होतों. एका जुन्या सायकलीवर तिघे बसून रविवारीं खेड्यांत उपासनेस जात असूं. पुढें आम्ही पाळक झालों, आणि एका जमिनीच्या प्रश्नावरून समितींत त्यांपैकीं एकाचें व माझें बोलणें वाढलें. मी सर्वांदेखत त्यास नको तो शब्द बोललों. त्यानंतर नऊ वर्षें आम्हीं एकमेकांस पत्र लिहिलें नाहीं कीं फोन केला नाहीं. तिसरा सोबती दोघांसही म्हणे, "एकदां तिघे मिळून बसूं या." मी म्हणें, "पाऊस संपूं दे, मग बघूं." गेल्या पावसाळ्यांत तो तिसरा प्रभूकडे गेला.

मूठमाती देऊन आल्यावर आम्ही दोघे त्याच्या घराच्या पडवींत बसलों. त्याच्या पत्नीनें चहा आणून ठेविला व म्हटलें, "तुमच्या सायकलीची गोष्ट ते मुलांना नेहमीं सांगायचे. आतां तुम्ही सांगा." मुलें समोर येऊन बसलीं, तेव्हां सांगणें भाग पडलें. मी आरंभ केला व मध्येंच अडलों. पुढचें त्यानें सांगितलें. ओढ्याला आलेलें पाणी, भिजलेलें शास्त्र, तें चुलीपाशीं पानपान उलटून वाळविणारी गांवची आजीबाई. मग तो म्हणाला, "त्या रात्रीं तूं आपलें घोंगडें माझ्या अंगावर घातलेंस आणि स्वत: गोणपाटावर निजलास." हें मला मुळींच आठवत नव्हतें. मला आठवत होतें तें हें कीं, पुढच्याच आठवड्यांत मला हींवताप भरला तेव्हां तो रात्रभर माझ्या उशाशीं बसे. तें त्याला आठवत नव्हतें. माझ्या हातून घडलेलें बरें त्याच्यापाशीं नोंदलेलें होतें, त्याच्या हातून घडलेलें माझ्यापाशीं. आणि नऊ वर्षें आम्हीं दोन्ही वह्या मिटून ठेविल्या होत्या.

मुलें निजावयास गेल्यावर मीं त्याची क्षमा मागितली. कारण गोड आठवणींची चादर आपल्या अपराधावर घालूं नये, अपराध कबूलच करावा लागतो. त्यानें बराच वेळ उत्तर केलें नाहीं. मग म्हणाला, "तो आज असता तर हंसला असता." त्या जमिनीविषयीं आमचें मत आजही एक नाहीं. पण आतां आम्ही एकमेकांकडे जातों येतों.

बंधुभगिनींनो, हें वाचतांना तुमच्या मनांत कोणाचें तरी नांव आलें असेल. तो मनुष्य पलीकडच्या आळींत राहत असेल, किंवा पोटासाठीं शहरांत गेला असेल. येत्या प्रभुभोजनापूर्वीं त्याच्याकडे जा. जातांना जुना तंटा पुढें करूं नका, एकत्र घालविलेला एक चांगला दिवस घेऊन जा. आपली चूक असेल तर ती तेथेंच पदरांत घ्या. पाऊस संपण्याची वाट पाहूं नका. आणि तरुणांनो, ओट्यावर वृद्ध बोलत बसले असतील तर हंसून पुढें जाऊं नका, घटकाभर बसा. तेथें मंडळीची वही वाचली जात आहे.

आमच्या तिसऱ्या सोबत्यानें त्या रात्रीं काय पाहिलें तें आम्हांस आतां ह्या जगांत कळणार नाहीं. पण परमेश्वराचें भय धरणारे एकमेकांशीं बोलले तेव्हां तें त्यानें कान देऊन ऐकलें, आणि त्यांच्याविषयीं त्याच्यासमोर स्मरणाची वही लिहिली गेली, असें मलाखी संदेष्टा सांगतो. त्या वहींतलें एकही पान गहाळ होत नाहीं. ज्या प्रभूनें धरून दिला जाण्याच्या रात्रीं आपल्या मित्रांस भाकर देऊन आपलें स्मरण करावयास सांगितलें, तो आपणां सर्वांस खऱ्या आठवणीचें व समेटाचें दान देवो. आमेन.