परतणं कुणाला परवडतं?

मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत खिडकीपलीकडून प्रश्न येतो : शिकून झाल्यावर पुढे काय? परत येणार, हे उत्तर पढवलेलं असतं. तिथल्या कायद्याचं 214(बी) कलम अर्जदार कायमचाच निघालाय असं गृहीत धरून चालतं; तसं नाही, हे त्याने पटवायचं. इकडे वडिलांनी कर्जाचं गणित डॉलरमधल्या पगारावर मांडलेलं असतं.

1913 मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर. (बडोद्याने पुढे त्यांना राहायला धड जागाही मिळू दिली नाही, ती गोष्ट वेगळी.) तेव्हा पैसा माणसाला घराकडे खेचत होता. आज तोच पैसा तिकडे डांबून ठेवतो.

साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका सहसा तारण मागतात. फ्लॅट, एनए प्लॉट, मुदत ठेव चालते. शेतजमिनीला त्या नाखूश असतात, कारण सरफेसी कायद्याने ती जप्त करता येत नाही. म्हणजे कोथरूडच्या टू बीएचकेवाल्याचं काम होतं आणि दहा एकर बागायतवाला सातबारा घेऊन बसतो. मग मामाच्या फ्लॅटची कागदपत्रं निघतात, नाहीतर खासगी कंपनीचं चढ्या व्याजाचं बिनतारणी कर्ज. मामी त्या दिवशी काय बोलली असेल, ते बँकेच्या फाइलीत नसतं. शिक्षण संपलं की वर्षभरात हप्ते सुरू. पुण्यातल्या फ्रेशरच्या पगारात ते बसत नाहीत.

म्हणून ‘देशाने शिकवलं आणि पोरं पळाली’ हा सूर मला पोकळ वाटतो. परतायचं की नाही, हा विचार बिनकर्जाच्या मुलांनी करावा.

बरं, राहणं तरी कुठे हातात आहे? पदवीनंतर ओपीटीचं, म्हणजे काम करायच्या तात्पुरत्या परवानगीचं, एक वर्ष, विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना आणखी दोन. मग एच-1बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत, वर्षाला साधारण 85,000 जागा. ग्रीन कार्डात एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारतीयांची रांग कित्येक वर्षांची. तरी लग्नाच्या बायोडेटात ‘अमेरिकेत सेटल्ड’ असं छापून मोकळे!

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी जवळपास नाही. वर्षाच्या खर्चाचे सुमारे बारा हजार युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवायचे, पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने. तिथल्या मुलांशी परतण्याचा विषय काढला, तर ती निदान हवापाण्याच्या, आईवडिलांच्या गोष्टी बोलतात, हप्त्याच्या नाही.