वासटेच्या अटी

छोट्या सहलीचे वेळापत्रक आखताना काय दाखवायचे यापेक्षा काय वगळायचे हे ठरवणे अधिक अवघड असते. इजिप्तला जाणाऱ्या मंडळींना हा प्रश्न लक्सरला पडतो. नाईलच्या पूर्व तीरावर कर्नाक आणि लक्सरची विस्तीर्ण मंदिरे, पश्चिम तीरावर डोंगराच्या कुशीत राजांची थडगी, आणि हाताशी बहुधा दोनच दिवस. राजांच्या दरीत आजवर साठाहून अधिक थडगी सापडली आहेत. साध्या तिकिटावर त्यांपैकी तीनच पाहता येतात. शिवाय आत गाईडने बोलायचे नाही असा तिथला नियम आहे. जे सांगायचे ते बाहेर सांगावे, मग प्रवाशांनी आपले आपण आत जावे आणि पाहून परतावे. माणसांच्या श्वासातील बाष्पाने भिंतींवरचे रंग खराब होतात, म्हणून तूतनखामेनच्या थडग्याची हुबेहूब प्रतिकृती २०१४ साली तिथे जवळच उभारली गेली.

आमच्या परिचयातील एक दांपत्य मागे एका मराठी सहल कंपनीबरोबर तिकडे जाऊन आले. त्यांचे फोटो आम्ही सगळ्यांनी आवडीने पाहिले. मंदिरांची नावे त्यांना सलग सांगता येत नव्हती आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. परंतु एका थडग्याच्या छतावर आडवी पसरलेली आकाशदेवता नूत, संध्याकाळी सूर्याला गिळणारी आणि पहाटे पुन्हा जन्म देणारी, हिच्याविषयी त्या बाई बराच वेळ बोलत राहिल्या. गाईडने बाहेर उन्हात उभे राहून ती कथा आधी सांगितली होती, आणि आत बोलायचे नसल्यामुळे त्यांनी ती शांतपणे पाहिली होती. आधी ऐकणे आणि मग मुकाट्याने पाहणे हा क्रम मला फार मोलाचा वाटला. आमच्याकडील सहलीची आखणी मी तेव्हापासून त्या क्रमाने करू लागलो.

आमच्याकडची सहल म्हणजे सिरपूरची. हिवाळा सुरू झाला की नागपूर, पुणे, इंदूर इथून रायपूरच्या मराठी घरांत पाहुणे येतात आणि एका दिवसात काय काय होईल, अशी विचारणा होते. उत्तर देताना मोह होतो, कारण महानदीच्या आसपास पाहण्यासारखे पुष्कळ आहे. वाटेत आरंगचे भांड देऊळ हे जैन मंदिर, दक्षिणेला राजिमचा राजीवलोचन आणि नद्यांच्या संगमातला कुलेश्वर महादेव, आणि रायपूरपासून सुमारे ८० किलोमीटरवर सिरपूर. गाडी चांगली असेल तर सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत हे सारे उरकता येते. उरकणे शक्य असते, म्हणूनच ते टाळावे लागते.

सिरपूर म्हणजे प्राचीन श्रीपूर, दक्षिण कोसलाची राजधानी. शरभपुरीय आणि त्यांच्यामागून पांडुवंशी राजांनी इथून राज्य केले. महाशिवगुप्त बालार्जुनाच्या दीर्घ कारकिर्दीत, जी किमान ५७ वर्षांची होती हे त्याच्या ताम्रपटावरून कळते, इथे शैव, वैष्णव आणि बौद्ध वास्तू शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. आनंदप्रभू या भिक्षूने बांधलेला विहार त्याच काळातला. सुरंग टीला हे उंच चौथऱ्यावरचे शिवालय एकविसाव्या शतकातील उत्खननात बाहेर आले; त्याच्या पायऱ्या वाकून लाटेसारख्या झाल्या आहेत आणि ते भूकंपामुळे घडले असावे असे अभ्यासक मानतात. या साऱ्यांत जे एक देऊळ मी कधीही वगळत नाही, ते लक्ष्मण मंदिर.

ते विटांचे आहे. दगडी चौकट, दगडी चौथरा, आणि वर सगळे काम भाजलेल्या विटांचे. समोरचा मंडप पडून गेला, शिखराचा माथाही उरला नाही. मात्र भिंतीपाशी उभे राहून पाहिले तर विटांचे सांधे इतके बारीक दिसतात की काही ठिकाणी ते डोळ्यांनी शोधावे लागतात. नक्षी एका विटेवर संपत नाही. ती सांधा ओलांडून शेजारच्या विटेवर जाते आणि तिथे पुरी होते. जिथे प्रकाश आत येण्याची सोयच नाही तिथेही विटांतच कोरलेली खिडकी आहे, चौकटीसह. दारावरच्या पट्टीत शेषशायी विष्णू आहे आणि बाजूच्या शाखांवर अवतारांच्या आकृती आहेत. मूळ देऊळ विष्णूचे. देवळाचे तोंड पूर्वेला असल्याने सकाळच्या उन्हात ही चौकट स्पष्ट दिसते. म्हणून पहाटे निघण्याचा माझा आग्रह असतो आणि त्या एका बाबतीत मी कुणाचे ऐकत नाही.

तथापि हे देऊळ समजून घ्यायला सुरुवात सिरपूरला करून चालत नाही, ती रायपूरला करावी लागते. राजनांदगावचे महंत घासीदास यांच्या नावाने १८७५ साली स्थापन झालेले वस्तुसंग्रहालय आमच्या शहरात आहे आणि देवळासमोरच्या मंडपाच्या ढिगाऱ्यात सापडलेला शिलालेख तिथे ठेवलेला आहे. रायबहादूर हिरालाल यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. बालार्जुनाची आई वासटा, मगधाच्या सूर्यवर्म्याची कन्या, हिने आपला दिवंगत पती हर्षगुप्त याच्या स्मरणार्थ हे मंदिर बांधले, असे त्यात म्हटले आहे. लेखाचा कवी ईशान. अक्षरे सुबक आहेत, आणि ती वाचता येत नसली तरी पाहुणे त्यांच्यापुढे थांबतात.

मला त्या लेखाचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा वाटतो. देऊळ बांधून राणी थांबली नाही. तिने गावे दान दिली आणि त्यांच्या उत्पन्नाचे चार भाग केले. तीन भाग अन्नसत्रासाठी, देवळाच्या डागडुजीसाठी आणि तिथल्या सेवकवर्गाच्या निर्वाहासाठी. चौथा भाग विद्वान ब्राह्मणांना वाटून दिला. हा वाटा त्यांच्या मुलानातवंडांकडे जावा, मात्र ते अग्निहोत्र करणारे आणि वेदांची सहा अंगे जाणणारे असतील तरच. जुगारी नसावेत, व्यसनी नसावेत, कुणाच्या चाकरीत नसावेत. कुणी या अटींत बसला नाही किंवा निपुत्रिक गेला, तर त्याच्या जागी दुसरा पात्र माणूस घ्यावा, आणि तोही राजाच्या आज्ञेने नव्हे, तर त्या वाटेकऱ्यांच्याच संमतीने.

ही व्यवस्था तिच्या काळाच्या वर्णमर्यादेत होती, हे उघड आहे. त्या मर्यादेचे समर्थन मी करणार नाही. पण तिच्यामागची दृष्टी मला विलक्षण वाटते. शोकाच्या भरात मनुष्य मोठी वास्तू उभारतो. ती वास्तू पुढे कोण झाडील, गळती कोण बुजवील, तिथे आलेल्या भुकेल्याला कोण जेवू घालील, याचा विचार करायला शोकातही मन स्थिर असावे लागते. आणि नुसत्या रक्ताच्या नात्यावर भिस्त ठेवून चालणार नाही, हे ओळखायला त्याहून मोठे धैर्य लागते. कारण हा नियम करणारी स्वतः राजमाता होती. तिचे आणि तिच्या मुलाचे सगळे अधिकार जन्मावर उभे होते.

हीच चिंता तिच्या अडीच हजारांहून अधिक वर्षे आधी नाईलकाठच्या एका अधिकाऱ्याला लागली होती. असियूतचा प्रांताधिपती हापिजेफा याने आपल्या थडग्याच्या भिंतीवर पुरोहितांशी केलेले दहा करार कोरून घेतले. कोणत्या सणाला आपल्या पुतळ्यापुढे किती भाकरी ठेवायच्या, दिवे कुणी लावायचे, त्याचा मोबदला कशातून द्यायचा, हे त्यात लिहिले आहे. आपल्या वडिलार्जित मालमत्तेतून काय दिले आणि पदामुळे हाती आलेल्या मालमत्तेतून काय दिले, हा भेदही त्याने काटेकोरपणे नोंदवला. सहलीत मी हा दाखला आवर्जून देतो. इजिप्तची थडगी म्हणजे सोन्याची हाव आणि मृत्यूचे भय एवढीच समजूत घेऊन आलेल्या माणसाला या करारांतली गृहस्थाची काळजी कळली, तर वासटाही त्याला जवळची वाटते.

त्या भाकरी आणि ते दिवे केव्हाच थांबले. फिलेच्या मंदिरात इसवी सन ३९४ मध्ये कोरलेला लेख हा चित्रलिपीतला शेवटचा कालनिश्चित लेख. पुढे ती लिपी वाचणारे राहिले नाहीत. मंदिरे होती, त्यांच्या सावलीत वस्ती होती, पिढ्या जन्मत होत्या; भिंतीवर काय लिहिले आहे ते मात्र कुणाला सांगता येत नव्हते. १८२२ साली शाँपोलियाँ या फ्रेंच माणसाने ते कोडे सोडवले. सिरपूरचेही थोडेफार असेच झाले. राजधानी ओस पडली, रान माजले, आणि राणीचे देऊळ लोकांच्या तोंडी लक्ष्मणाचे झाले. आमच्यातल्या एका वयस्क बाईंनी तिथे चौथऱ्यावर बसून मला विचारले होते, “बांधलं तिनं, मग तिचं नाव कुठंच कसं नाही हो?” नाव आहे, फक्त ते ८० किलोमीटर दूर रायपूरच्या संग्रहालयात आहे, असे मी सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, “मग आधी तिकडे न्यायचं ना आम्हाला.” संग्रहालय आदल्या दिवशी दाखवण्याची पद्धत त्यांच्या या बोलण्यानंतर सुरू झाली.

रायपूरच्या मराठी माणसाचा सिरपूरशी संबंध काय, असे पाहुणे कधी कधी विचारतात. आमचे इथले वास्तव्य भोसल्यांच्या अमलापासूनचे. बिंबाजी भोसले १७५८ ते १७८७ रतनपुरास होते. तात्यापारासारख्या वस्त्यांत आजही मराठी घरे आहेत. वासटेच्या काळाशी आमचे काही नाते नाही. तरीही या भूमीचा इतिहास उलगडणाऱ्यांत मराठी नावे ठळक आहेत. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९५३ पासून सागर विद्यापीठातर्फे सिरपूरला उत्खनन केले, आणि आनंदप्रभूचा विहार त्यातच उजेडात आला. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी दक्षिण कोसलाचे कितीतरी लेख वाचले. राजिमच्या राजीवलोचन मंदिरातला नलवंशी विलासतुंगाचा लेखही त्यांनीच संपादित केला. त्या राजाने विष्णूचे देऊळ बांधले ते आपल्या मृत पुत्राच्या पुण्यासाठी. एकाच नदीच्या काठी एक पत्नीच्या शोकातून उभे राहिलेले देऊळ आणि दुसरे पित्याच्या शोकातून. मिराशींचा जन्म कोकणातला. जन्माने या मातीचे नसूनही ते या वारशाचे वाटेकरी झाले, कारण वासटेने घातली होती त्या प्रकारची अट त्यांनी पुरी केली होती: त्यांनी अध्ययन केले होते.

‘आपला प्राचीन वारसा’ हे शब्द हल्ली फार सहज उच्चारले जातात. ते ऐकले की मला महानदीच आठवते. सिरपूरवरून पुढे जाणारी ही नदी ओडिशात हिराकुडच्या जलाशयाला मिळते. १९५७ साली ते धरण राष्ट्राला अर्पण झाले आणि काठची अनेक जुनी देवळे पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरले की त्यांतली काही वर दिसतात. त्यानंतर काही वर्षांतच नाईलवर आस्वानच्या मोठ्या धरणाचे काम सुरू झाले, तेव्हा अबू सिंबेलची मंदिरे कापून १९६४ ते १९६८ या काळात उंचावर नेऊन पुन्हा उभारली गेली. त्यासाठी सारे जग धावले. आपल्या पुरातत्त्व खात्याचेही एक पथक बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली न्यूबियात उत्खननाला गेले होते. धरणांची गरज होती, याविषयी मला शंका नाही. दोन्ही नद्यांच्या काठी माणसांना पाणी आणि वीज हवीच होती. परंतु नाईलकाठच्या दगडांसाठी जे झाले त्याचा अल्पांशही महानदीकाठच्या देवळांच्या वाट्याला आला नाही, आणि त्याची खंत करणारेही आपल्यात थोडे निघाले, याचे मला दुःख आहे.

या हिवाळ्यातील सहल पौषात आहे. राजिम यंदाच्या यादीतून काढले आहे. त्यासाठी वेगळा दिवस ठेवू. जाताना आरंगला थांबायचे नाही. आदल्या संध्याकाळी संग्रहालयात शिलालेख पाहायचा, आणि त्याचा मराठी सारांश प्रत्येकाने वाचून यायचे. सिरपूरला पोहोचल्यावर लक्ष्मण मंदिरासाठी सबंध सकाळ राखली आहे, त्यातला पहिला अर्धा तास कुणी काही बोलायचे नाही. दुपारी नदीकाठच्या गंधेश्वराला जायचे. जुन्या वास्तूंचे खांब वापरून उभारलेल्या या देवळात पूजा आजही चालते, आणि देवाला रोज फुलांच्या माळा मिळाव्यात म्हणून केलेल्या व्यवस्थेचा एक लेखही तिथला आहे. शेवटी सुरंग टीला.

तिथे मी काही सांगत नाही. सिरपूरचा एक गृहस्थ आमच्याबरोबर असतो. तरुणपणी उत्खननात त्याने घमेली वाहिली, मजुरीवर. कोणत्या थरात राख लागली, कोणता दगड कुठे आडवा पडला होता, वाकलेल्या पायऱ्या मातीतून पहिल्यांदा दिसल्या तेव्हा साहेबांनी काम कसे थांबवले, हे तो हिंदी आणि छत्तीसगढी मिसळून सांगतो. शाळा त्याची लवकर सुटली, पण साहेबांच्या तोंडून ऐकलेल्या राजांचा क्रम त्याला पाठ आहे, आणि कुणी मुलगा दगडावर नाव कोरू लागला तर तो त्याचा हात धरतो. यंदा त्याचे मानधन आम्ही सहलीच्या खर्चात सर्वांत आधी धरले आहे, आणि त्याला हवा तेवढा वेळ बोलू द्यायचा, मग परतायला अंधार झाला तरी चालेल, असे सर्वांना कळवले आहे.