आला तसा पुढे

आषाढीच्या सकाळी घरोघरच्या मोबाइलवर येऊन थडकलेल्या त्या चार ओळींच्या शेवटी 'तुका म्हणे' अशी नाममुद्रा, म्हणजे कवीने अखेरच्या चरणात गुंफलेली आपल्या नावाची खूण, असली, तरी ज्या रचनेत 'सकारात्मक ऊर्जा' दोनदा येते आणि विठ्ठलाचा 'विट्ठल' होतो, ती सतराव्या शतकातील देहूची नव्हे, हे कळायला संतवाङ्मयाची पदवी लागत नाही. कोपऱ्यात गुलाबही होता. संतवचनाला गुलाबाचा टेकू कशाला, हा या स्तंभाचा जुनाच प्रश्न आहे.

चूक दाखवली की 'भाव महत्त्वाचा' असे उत्तर येते, ते सोडून देऊ. 'आला तसा पुढे पाठवला' हे उत्तर मात्र सोडवत नाही, कारण त्यात मनुष्य स्वतःला पन्हळ ठरवून मोकळा होतो. गवळ्याने पाणचट दुधाबद्दल 'आले तसे ओतले' म्हटले, तर हेच गृहस्थ त्याचा रतीब बंद करतील. प्रसादाचा पेढासुद्धा ते नातवाच्या हातावर ठेवण्याआधी हुंगून पाहतात. न हुंगता वाटायचे ते फक्त तुकोबांना. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये अशा संदेशांवर 'फॉरवर्डेड' ही चिठ्ठी लावायला सुरुवात केली, ती मजकूर पाठवणाऱ्याचा स्वतःचा नाही हे वाचणाऱ्याला कळावे म्हणून. पाठवणाऱ्यांनी तिचा माफीनामा करून टाकला.

धर्म आणि इंटरनेट यांचे अभ्यासक क्रिस्टोफर हेलंड यांनी २००० साली धर्माची नुसती माहिती पुरवणारे आणि धर्माचरणच घडवणारे असे ऑनलाइन व्यवहारांचे दोन प्रकार मानले. एकादशीचा संदेश दिसतो पहिल्यासारखा, पण पाठवणाऱ्याला त्यातून पुण्य हवे असते, म्हणून तो दुसऱ्यातही मोडतो. पाठचिकित्सा, म्हणजे हस्तलिखिते ताडून मूळ पाठ ठरवण्याची पद्धत, अशा संदेशापुढे हतबल होते, कारण त्याला ना लेखक, ना शक, ना गाव.

प्रक्षेप, म्हणजे मागाहून घुसडलेला मजकूर, पोथ्यांतही होता, आणि 'जसे पाहिले तसे लिहिले, दोष माझा नाही' अशा अर्थाचा श्लोक जुने लेखनिकही पोथीच्या शेवटी लिहीत, हे मान्य करायलाच हवे. म्हणजे सबब नवी नाही. फरक इतकाच की त्या लेखनिकाची प्रत्येक अक्षरावरून नजर फिरलेली असे, आता फक्त अंगठा फिरतो. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा तीत स्वतःची ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी ठेवील, असे त्यांनी बजावून ठेवले. कार्तिकीला ताट पुन्हा फिरेल. नरोटी कोणी थांबवील असे दिसत नाही. निदान तिच्यावर गुलाब तरी नसावा.