परोपकारात खेळाला स्थान आहे काय?

परोपकाराच्या कार्याला काही क्रम असावा, याविषयी विचारी माणसांत सहसा मतभेद नसतो. आधी प्राण, मग अन्न, त्यानंतर विद्या, आणि गाठीस काही उरलेच तर खेळ व करमणूक, अशी उतरंड आपल्या मनात नकळत रचलेली असते. ख्रिस्ती धर्मसंस्थांच्या परदेशातील सेवाकार्यात मात्र या उतरंडीस न जुमानणारी एक चाल दृष्टीस पडते. एकीकडे त्या नवजात अर्भकांच्या शुश्रूषेसाठी द्रव्य धाडतात. आणि त्याच वेळी तेथल्या गावच्या पोरांच्या फुटबॉल-संघास चेंडू व बूटही पुरवितात. जेथे अर्भके दगावत आहेत तेथे चेंडूवर पैसा घालविणे न्याय्य आहे काय, हा प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा नाही.

प्रथम पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे. इ. स. २०२२ या एका वर्षात जगातील सुमारे २३ लाख अर्भके जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांत मृत्यू पावली. आफ्रिकेतील मलावी देशाचे उदाहरण घ्या. स्कॉटलंडच्या मिशनरींनी १८७५ साली तेथे लिव्हिंग्स्टोनिया मिशन स्थापिले, आणि आजही त्या देशातील आरोग्यसेवेचा मोठा भार ख्रिस्ती इस्पितळेच वाहतात. २०१० सालच्या अंदाजाप्रमाणे तेथे शंभरांतील अठरा बालके अपुऱ्या दिवसांची जन्मत होती. इतके मोठे प्रमाण दुसऱ्या कोणत्याही देशात नव्हते. अशा बालकांवरील एक उपाय अगदी साधा आहे. कोलंबियातील बोगोटा शहरी डॉ. एडगार रे यांनी १९७८ साली बालकास मातेच्या उघड्या छातीशी सतत बांधून ठेवण्याची रीत सुरू केली. मलावी, भारत व आणखी तीन देशांतील इस्पितळांत तिची कसोशीने परीक्षा झाली, तिचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. जन्मताच मातेच्या छातीशी ठेवलेल्या अशक्त बालकांतील मृत्यू, आधी प्रकृती स्थिरावू देऊन मग मातेजवळ दिलेल्या बालकांपेक्षा सुमारे एकचतुर्थांशाने कमी भरले. हा लाभ इतका उघड होता की, उरलेल्या बालकांस त्यापासून वंचित ठेवणे योग्य नव्हे म्हणून ती परीक्षा मुदतीआधीच आटोपती घेण्यात आली.

मातेची ऊब फुकट मिळते हे खरे. परंतु मातेस बालकाजवळ राहता येईल अशी खोली, रात्रंदिवस लक्ष ठेवणारी परिचारिका, श्वास अडलेल्या बालकासाठी यंत्र, ही फुकट मिळत नाहीत. तेव्हा चेंडूसाठी वळविलेल्या पैशाचे मोल कोठेतरी एखाद्या जीवाने चुकविले जाते, हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

यावर खेळाचे कैवारी बहुधा असे उत्तर देतात की, खेळाने शील बनते. हे उत्तर आम्हाला पटत नाही. सेसिल टिंडेल-बिस्को या मिशनरी शिक्षकाने १८९१ साली श्रीनगरात पहिला कातडी फुटबॉल नेला. कातड्याचा विटाळ मानणाऱ्या ब्राह्मण विद्यार्थ्यांनी त्यास पाय लावण्याचे नाकारले, तेव्हा काठीचा धाक दाखवून त्यांना खेळावयास लावण्यात आले. याच शाळेतील मुले पुढे महापुरात लोकांचे प्राण वाचविण्यास धावली, ही गोष्ट आम्ही आनंदाने मान्य करतो. तथापि ज्या खेळात उतरण्यास नकार देण्याची मोकळीक नाही, त्याला खेळ म्हणावे तरी कसे? दुसऱ्याचे शील घडविण्यासाठी दिलेला चेंडू हा चेंडूच्या रूपातला उपदेश होय.

ग्लासगो शहराचा दाखला याच्या उलट बाजूचा आहे. तेथील दरिद्री आयरिश मुलांच्या जेवणासाठी पैसा उभारावा म्हणून ब्रदर वॉलफ्रिड या कॅथलिक धर्मबंधूने १८८७ साली सेल्टिक संघ काढला. संघ विलक्षण यशस्वी झाला, आणि अवघ्या दहा वर्षांत, १८९७ साली, त्याची मर्यादित कंपनी होऊन भागीदारांचा हिशेब सुरू झाला. धर्माच्या पोटी जन्मलेला खेळ धर्माला मागे टाकून पुढे जाऊ शकतो, हे त्यावरून दिसते.

मग चेंडू द्यावा तरी कशासाठी? आमच्या मते त्याचे उत्तर दाता व याचक यांच्या नात्यात शोधले पाहिजे. प्रसूतिगृहाच्या दारी आलेली माता काहीच नाकारू शकत नाही. बाळ वाचले तर तिने जन्मभर उपकार स्मरावे, याहून दुसरे नाते तेथे संभवत नाही. असे उपकाराचे ओझे आपल्याही लोकांनी वाहिलेले आहे. मिरजेच्या मिशन इस्पितळात बरे झालेल्या कितीएकांच्या घरी डॉ. वॉनलेस यांचे नाव आदराने घेतले गेले. पण हे आपल्यासाठी इतके का झटतात, ही शंकाही त्याच घरांत कुजबुजली गेली असेल. फुटबॉलच्या मैदानात हे ओझे खाली ठेवता येते. तेथे ज्याने चेंडू दिला त्याच्यावरही गोल चढविता येतो. लिव्हिंग्स्टोनिया ज्या रुम्फी जिल्ह्यात आहे, तेथेच जन्मलेली टबिथा चविंगा २०२२-२३ च्या हंगामात इटलीच्या अव्वल महिला स्पर्धेत सर्वांत अधिक गोल करणारी ठरली. तिच्या यशाचे श्रेय कोणा मिशनला देण्याचा आमचा हेतू नाही. युरोपच्या मैदानावर ती कोणाची आश्रित म्हणून उतरली नव्हती, इतकेच आम्हाला सांगावयाचे आहे.

तथापि एवढ्याने मूळ आक्षेप उडून जात नाही. पैसा एकालाच पुरणार असेल तर तो अर्भकालाच दिला पाहिजे; तेथे वाद संभवत नाही. पण तो एकालाच का पुरावा, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. शेजारचे तान्हे आजारी आहे म्हणून आपल्या मुलाचा चेंडू कोणता गृहस्थ काढून घेतो? स्वतःच्या घरी आपण औषध आणि खेळणे दोन्ही आणतो, आणि दोहोंसाठी पैसा काढतो तो आपल्या चैनीतून. क्रमाची ती कडक उतरंड आपण राखून ठेवतो ती परक्यांच्या मुलांसाठी. त्यांनी जगावे एवढे आपल्याला पुरे वाटते. त्यांनी हसावे, धावावे, याची जबाबदारी आपण घेत नाही.

यास्तव आमचा अभिप्राय असा की, पाळण्याच्या निधीला हात न लावता चेंडू अवश्य द्यावा. त्याचा खर्च दात्याने आपल्या पानावरील एखादे पक्वान्न कमी करून भागवावा. आणि दिल्यावर तो त्या मुलांचाच समजावा. ती रविवारी प्रार्थनेस न येता मैदानावर गेली, किंवा दात्याच्या मुलांना हरवून घरी परतली, तरी पुढच्या वर्षी पुन्हा चेंडू धाडण्याची ज्याची तयारी असेल, त्याच्याच दानाला आम्ही निष्काम म्हणू.