संशय फिटल्यावर

महाविद्यालयांतील नाट्यप्रयोगास प्रेक्षक बहुधा उदार मनानें जातो. म्हाताऱ्याची मिशी अर्धी सुटली, गाणाऱ्याची आणि पेटीवाल्याची चुकामूक झाली, तरी त्यास कौतुकच वाटतें. आम्हीही अशाच मनानें एका स्नेहसंमेलनांतील 'संगीत संशयकल्लोळा'चा प्रयोग पाहावयास गेलों. परत येतांना मात्र कौतुकाबरोबर एक प्रश्नही आमच्या सोबतीस आला.

देवलांच्या या नाटकाचें मूळ मोलिएरचें. त्याच्या १६६० सालच्या प्रहसनावरून आर्थर मर्फी यानें इंग्रजींत नाटक रचिलें. त्यावरून देवलांनीं प्रथम 'फाल्गुनराव' हें गद्य नाटक लिहिलें, आणि १९१६ सालीं पदांची जोड मिळून तें 'संशयकल्लोळ' झालें. अडीच शतकें आणि तीन भाषा ओलांडूनही जी गोष्ट शिळी झाली नाहीं, ती मनुष्यस्वभावाच्या कोणत्या तरी कायमच्या दुखण्यावर बोट ठेवीत असली पाहिजे.

घेरी आलेल्या रेवतीस फाल्गुनराव सावरतो. तें त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीजवळून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेस सांपडते. ती न्याहाळीत असतां फाल्गुनराव तिला पाहतो. पुढें तीच तसबीर फाल्गुनरावाच्या हातीं अश्विनशेठच्या दृष्टीस पडते. येथें कोणीही खोटें बोलत नाहीं, कोणाचे डोळेही फसत नाहींत. प्रत्येकानें पाहिलेलें खरें आहे. त्यावरून बांधलेलें मात्र सारें खोटें. आम्ही प्रेक्षक हंसतों, कारण नाटककारानें सर्व बाजू आम्हांस अगोदरच दाखविलेल्या असतात. संसारांत अशी खुर्ची कोणासही मिळत नाहीं. तेथें आम्हीच फाल्गुनराव असतों.

'संशय घेऊं नये' हें या नाटकाचें तात्पर्य म्हणून सांगतात. पण संशय कोणी ठरवून घेत नाहीं. तो येतो, आणि आलेल्या विचाराबद्दल मनुष्यास दोषी धरणें न्यायाचें नव्हे. दोष लागतो तो पुढच्या पायरीवर. फाल्गुनराव बायकोस विचारीत नाहीं, तर तिला पकडूं पाहतो. त्याचे प्रश्न उत्तरासाठीं नसून पुराव्यासाठीं असतात. निवाडा आधीं, चौकशी मागाहून, हा त्याचा खरा अपराध होय.

परंतु आमचा प्रश्न याच्याही पुढचा आहे. शेवटीं उलगडा होतो, सर्व हंसतात, पडदा पडतो. संशय घेणारा खजील होऊन सुटतो. ज्याच्यावर संशय आला त्यास मात्र तात्काळ क्षमा करावी लागते. न केली तर आनंदाचा विरस त्यानेंच केला, असें ठरावयाचें! देवलांनीं हें ओझें कांहीं अंशीं हलकें केलें आहे. नवराबायको, प्रियकर आणि प्रेयसी, सारींच परस्परांवर संशय घेतात, म्हणून देणें आणि येणें यांची फेड होते. तरीही ती फेड बरोबरीची नव्हे. अश्विनशेठचा संशय खरा ठरला असता, तरी समाजांत त्याची जागा कायम होती. नायकिणीच्या घरीं जन्मलेल्या रेवतीची निष्ठा मात्र जगानें आधींच संशयास्पद ठरविलेली. तिला अश्विनशेठच्या विश्वासावांचून दुसरा आधारच नव्हता.

त्या रात्रीं रेवतीचें काम करणारी मुलगी शेवटच्या प्रवेशांत हंसण्यापूर्वीं क्षणभर थांबली. तिला भाषण आठवेना, कीं तें तिनें जाणूनबुजून केलें, हें आम्हांस कळलें नाहीं. सभागृहांत मात्र तेवढा वेळ शांतता पसरली. कसलेल्या नटांच्या सफाईदार प्रयोगांत हा क्षण आम्हांस पूर्वीं कधीं दिसला नव्हता.

त्या शांततेंत आम्हांस आमचा एक जुना स्नेही आठवला. एका पत्रावरून आम्हीं त्याच्यावर विश्वासघाताचा संशय घेतला होता. पत्र खरें होतें, आम्हीं लाविलेला अर्थ खोटा होता. उलगडा झाला तेव्हां आम्ही मोठ्यानें हंसलों आणि त्याच्या पाठीवर थाप मारून मोकळे झालों. तोही हंसला. पुढें त्याचें येणेंजाणें कमी झालें, आणि आम्ही त्यास मनांतल्या मनांत मानी म्हणत राहिलों. खरें पाहतां त्यास क्षमा करण्यास जो वेळ हवा होता, तो आम्हीं हंसून बुडविला होता.

प्रहसनानें एवढा विचार करीत बसावें, असें आमचें म्हणणें नाहीं. तसें केल्यास तें प्रहसनच राहणार नाहीं. परंतु नाट्यगृहांतून घरीं आल्यावर तरी ध्यानांत ठेवावें, कीं संशय फिटला म्हणजे घेणाऱ्याचें मन हलकें होतें, ज्याच्यावर घेतला त्याचें नव्हे. अशा वेळीं आधीं हंसण्याचा अधिकार त्याचा आहे. तो हंसेपर्यंत आपण थांबावें. आम्ही थांबलों नाहीं, याची खंत त्या मुलीच्या क्षणभराच्या मौनानें आम्हांस इतक्या वर्षांनीं लाविली.