हात कुणाकडे पाहून जोडायचे?

"मास्तर, देवाकडेन पॉइंट कितले?" इलेक्ट्रिशियनने शिडीवरून विचारले आणि मी अडलो.

मुळगावातले आमचे घर कौलारू. मुलाच्या हट्टापायी यंदा हॉलला आणि देवाच्या खोलीला जिप्समचे फॉल्स सीलिंग करतोय. दिवे आणायला आम्ही डिचोलीला गेलो आणि दुकानात तास घालवला. 12 वॅटचे की 15चे, गोल की चौकोनी. मला 3000 केल्विनचा पिवळसर उजेड हवा होता, मुलाला 6500चा पांढराशुभ्र. मला तो पाहून इस्पितळाचा वॉर्ड आठवतो. शेवटी 4000वर तह झाला. दुकानदाराने एक पॅनल उघडून दाखवला. एलईडीचे बारीक मणी गोल कडेने लावलेले, त्यांचा उजेड अ‍ॅक्रिलिकच्या चकतीत आडवा शिरतो आणि मग खाली उतरतो. म्हणून तर तो इतका पातळ! उजेड जिथून येतोसा वाटतो, तिथे दिवा नसतोच.

हॉलचे काम आधी झाले. तिन्हीसांजेला मुलाने बटण दाबले आणि आठही दिवे एकदम लागले. दिवा लागला की हात जोडायचे ही आईची जन्माची सवय. गावात वीज आली तेव्हा तिने बल्बलाही हात जोडले होते, पुढे ट्यूबलाही. त्या दिवशी तिचे हात अर्ध्यावर थांबले. तिने वर पाहिले, आजूबाजूला पाहिले. "खंय पळोवन हात जोडूं रे?"

मुलगा हसला. मला हसू येईना.

वर्गात मी तीस वर्षे 'दिव्याखाली अंधार' ही म्हण शिकवली. या पॅनलखाली अंधार नाही. तो वर गेलाय, छताच्या पोकळीत, वायरी आणि ड्रायव्हरच्या डब्यांपाशी. दिवा इतरांना उजळतो तसा स्वतःलाही उजळतो, असे म्हणणाऱ्यांना नागार्जुनाने 'मूलमध्यमककारिके'त अडवले होते: दिव्यात अंधार असतो कुठे, की त्याने तो घालवावा? पूर्वी मला हा शब्दच्छल वाटे. वेदान्त्यांना मात्र आमचा पॅनल आवडला असता. सगळे दाखवायचे आणि स्वतः दिसायचे नाही. त्यांचा द्रष्टा तरी दुसरे काय करतो? मुलाला हे सांगितले तर तो खूश होऊन आणखी चार दिवे आणेल, म्हणून सांगितले नाही.

पण अन्नंभट्टांनी 'तर्कसंग्रहा'त तेजाची ओळख करून दिली ती उजेडावरून नव्हे, उष्ण स्पर्शावरून. आमच्या भागात हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. शेजारच्या शिरगावात लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, निखाऱ्यांवरून चालतात, आणि आमच्या गावची देवी केळबाई तिची बहीण. आईसुद्धा आरती घेते ती ज्योतीवर हात धरून, तळव्याला लागलेली ऊब डोळ्यांना लावून. छतात बुडवलेल्या दिव्याची आरती घ्यायची कशी?

बृहदारण्यकात जनक याज्ञवल्क्याला विचारत जातो: सूर्य मावळला, चंद्र मावळला, अग्नी विझला, मग माणूस कशाच्या उजेडात वावरतो? त्यावर उत्तर येते, वाणीच्या. पुढे आत्मा येतो, पण मी वाणीपाशीच रेंगाळतो. जूनमध्ये वीज गेली की कंदील सापडेपर्यंत आई स्वयंपाकघरातून बोलत राहते, "हांगा यो, सरळ यो, उंबरो सांबाळ." मी त्या आवाजाचे बोट धरून जातो.

इलेक्ट्रिशियन खोळंबला होता. देव्हाऱ्याच्या वर एक काचेचे कौल आहे, आजोबांनी बसवलेले. सकाळी त्यातून उन्हाचा कवडसा भिंतीवर पडतो, खाली सरकत सरकत देवांवर येतो. आई त्यावरून वेळ सांगते. फॉल्स सीलिंगने ते झाकले जाणार होते. मी म्हटले, इथे एकही पॉइंट नको, पण कवडशाच्या वाटेवर भोक पाड, त्या दिव्यांना पाडतोस त्याहून मोठे.

"पाली पडतील," मुलगा म्हणाला. पडोत.

इलेक्ट्रिशियनने पेन्सिलीने वर्तुळ आखले, मान तिरकी करून कौलाकडे पाहिले. "आनी सांजवेळां?"

आई खाली बसून समईच्या वाती वळत होती. तिने वर पाहिलेही नाही.