दोन इंच

॥ राम कृष्ण हरी ॥

आजचं वाचन: गीता, अध्याय १७, श्लोक ५ आणि ६.

खरं सांगतो, हे दोन श्लोक मी आजवर भरभर वाचून पुढे जायचो. दंभ आणि अहंकारापोटी, इच्छेच्या जोरावर, शास्त्राने न सांगितलेलं घोर तप करणाऱ्यांबद्दल भगवंत इथे बोलतात. असे लोक आपल्या शरीराला छळतात आणि त्या शरीरात बसलेल्या मलाही छळतात, असं ते सांगतात. वाचताना डोळ्यांसमोर काट्यांवर झोपणारा एखादा साधू यायचा. आपला काय संबंध, असं वाटायचं.

मग गेल्या महिन्यात चिकलठाणा एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर माझा धाकटा मावसभाऊ भेटला. वय २६, उंची पाच फूट तीन इंच.

"दादा, थोडे पैसे उसने हवेत. पायांचं ऑपरेशन करायचंय."

मी घाबरलो. "काय झालं पायांना?"

"काही नाही झालं. लांब करायचेत. दोन इंच."

त्या रात्री मी जे वाचता येईल ते सगळं वाचलं. हे तंत्र मुळात सौंदर्यासाठी नव्हतंच. सायबेरियातल्या कुर्गान भागात गावरिल इलिझारोव्ह नावाच्या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात ते विकसित केलं. मोडलेली, वाकडी जुळलेली, आखूड राहिलेली हाडं घेऊन येणाऱ्या माणसांसाठी. पायाभोवती धातूच्या कड्या आणि हाडातून आरपार तारा. हाड कापायचं, साधारण आठवडाभर थांबायचं आणि मग रोज एक मिलिमीटर, तोही पाव-पाव करून चार वेळा, फट वाढवत न्यायची. त्या फटीत शरीर स्वतःहून नवं हाड तयार करतं. आता हाडाच्या आत बसणारा, बाहेरून रिमोटने लांबवता येणारा रॉडही मिळतो, पण वेग तोच.

मी हिशेब केला. दोन इंच म्हणजे पाच सेंटीमीटर, म्हणजे ५० दिवस, म्हणजे २०० वेळा स्वतःच्या पायाला ताण द्यायचा. त्यानंतर ते हाड पक्कं व्हायला आणखी कित्येक महिने. हाड वाढतं तसं स्नायू, नसा, कातडी यांनाही ताणावं लागतं. जंतुसंसर्ग होऊ शकतो, सांधे आखडू शकतात, टाच जमिनीला टेकेनाशी होऊ शकते. आणि सगळं नीट झालं तरी फक्त पाय वाढतात. हात आणि धड तेवढंच राहतं.

२०१६ मध्ये हैदराबादला विशीतल्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरने घरी न सांगता हेच ऑपरेशन करून घेतलं होतं. आई-वडिलांनी मुलगा हरवल्याची तक्रार दिली आणि तो सापडला हॉस्पिटलच्या बेडवर. आपल्याच क्षेत्रातला मुलगा. ती बातमी आठवली आणि झोप उडाली.

दुसऱ्या दिवशी मी भावाला श्लोक सांगितला. देवाने दिलेलं शरीर, त्यात ढवळाढवळ कशाला, वगैरे. तो शांतपणे म्हणाला, "दादा, तू चष्मा लावतोस. शाळेत असताना दातांना तार लावली होतीस. आणि देवालाच शरीर बदललेलं चालत नाही, तर मथुरेत कृष्णाने कुब्जेला सरळ का केलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन भागवताचा दशम स्कंध उघडला. बेचाळिसावा अध्याय. आणि एक गोष्ट पहिल्यांदाच लक्षात आली. कृष्ण कुब्जेला सुंदरी म्हणून हाक मारतो ती ती वाकडी असतानाच. चंदनाची उटी मागतो आणि अंगाला लावून घेतो, तीही ती वाकडी असतानाच. सरळ होणं नंतर आलं. ती देवाच्या जवळ जायची अट नव्हती.

म्हणजे शरीराला हात लावणं हे पाप नाही. एक पाय आखूड असलेल्या मुलाला त्याच कड्या लावल्या तर मी स्वतः पैसे जमवीन. मग फरक कुठे आहे? मला वाटतं, गीतेतला 'दंभ' हा शब्द इथे उपयोगी पडतो. दंभ म्हणजे दुसऱ्याच्या नजरेसाठी केलेलं. मी भावाला विचारलं, "समज, पाहणारं कोणीच नाही. तरी हे दुखणं घेशील?" आखूड पायाचा मुलगा निर्जन बेटावरही हो म्हणेल, कारण चालताना दुखतं ते त्याला एकट्यालाही दुखतं.

भाऊ बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "नाही घेणार. पण दादा, पाहणारं कोणीच नाही असं असतं का कुठे? दोन स्थळांनी फोटोसुद्धा मागितला नाही. नुसता बायोडेटा वाचला."

इथे माझं चिंतन संपायला हवं होतं, पण खरं तर ते इथे सुरू झालं. कारण लहान बहिणीसाठी मी स्थळं बघतोय. विवाहाच्या साइटवर फिल्टर मीच लावलाय: उंची ५ फूट ७ इंच आणि पुढे. दिवसभर कंडिशन लिहिणारा माणूस, ही एक ओळ लिहिताना दोन सेकंदही थांबलो नव्हतो. माझा स्वतःचा भाऊ त्या फिल्टरमधून कधीच पार झाला नसता. त्याच्या डोळ्यांसमोरची ती 'नजर' म्हणजे मीच होतो. शरीरात बसलेल्या देवाला छळणारे फक्त तप करणारेच नसतात. पट्टी धरून उभे असलेलेही असतात.

रविवारी आम्ही दोघं वेरूळला गेलो. आपल्या शिल्पशास्त्रात मापं काटेकोर असतात. चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल, बारा अंगुळं. नवताल मूर्ती १०८ अंगुळांची. पण शंकराच्या भोवतीचे बुटके गण चार-पाच तालांतच घडवायचे असतात. त्यांचं माप वेगळं आहे, ते चुकलेलं नाही. शिल्पकाराने त्यांना खेचून नवताल केलं नाही, आणि त्या भिंतीवर सगळ्यात मजेत तेच दिसतात. भाऊ एका ढेरपोट्या गणाकडे बघून हसला. बऱ्याच दिवसांनी.

त्याने ऑपरेशनचा विचार सोडला, असं मी म्हणणार नाही. तो अजून विचार करतोय. पैसे मी दिलेले नाहीत, पण एक कबूल केलंय: घरी लपवून काही करायचं नाही. हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलंच, तर मी सोबत येईन आणि सगळे धोके दोघं मिळून विचारू. त्याला पापी ठरवून एकटं पाडणं हा धर्म नाही.

माझ्या हातात होतं ते मी केलं. बहिणीला विचारून फिल्टर काढला. ती म्हणाली, "दादा, ही अट मी घातलीच कधी होती?"

आजचा संकल्प: कोणाला तरी नकळत मोजणारी आपली एक पट्टी शोधूया. उंचीची, रंगाची, पगाराची. आणि ती आजच्या दिवस तरी खाली ठेवूया.

॥ राम कृष्ण हरी ॥